दांडीचे बोंबील आणि माझा चौथा डान

नाशिकहून निघालेली एसटी जव्हारच्या घाटात वळणं घेत होती आणि माझ्या मांडीवर तीन तत्त्वज्ञ डुलत होते. एक ग्रीक, एक चिनी, एक जर्मन. गेल्या खेपेला कराटेच्या चौथ्या डानला (ब्लॅक बेल्टच्या पुढची पायरी) मी तोंडी परीक्षेत आपटले. ‘प्रभुत्व म्हणजे काय?’ या प्रश्नाला मी ‘रोज सराव’ म्हणाले होते. परीक्षकांनी सुचवलं, कराटेबाहेरचे थोर विचारवंत वाचा. वाचले. जर्मन दोनदा, कारण पहिल्यांदा झोप लागली. यंदा आपटले तर पुढची संधी तीन वर्षांनी, आणि मी बावन्न वर्षांची आहे.

मुक्काम बोईसरला, परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी. सकाळी पाठांतराला समुद्र बरा म्हणून शेअर रिक्षाने जवळच्या दांडी या कोळ्यांच्या गावी निघाले. शेजारच्या कामगाराने पुस्तकांची जाडी बघून विचारलं, “मॅडम, वकील हो?”

दांडीत पाठांतर जमेना. बोंबलांचा वास जर्मनापेक्षा भारी होता. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर सत्तरीच्या हिराकाकी ओले बोंबील टांगत होत्या. एकाचा जबडा उघडायचा, त्यात दुसऱ्याचा अडकवायचा, जोडी दोरीवर टाकायची. हात चालू, नजर माझ्यावर, तोंडाने सुनेच्या मोबाइलचा उद्धार. मदत करू का विचारलं, तर त्यांनी टोपलीच पुढे सरकवली.

माझ्या पहिल्या चार जोड्या वाळूत पडल्या. पाचवीचा जबडा फाटला. मी हाताने कौलं फोडते, असं मी त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं.

“बाय, तू तेला मारतेस,” काकी म्हणाल्या. “तो मेलाच हाय. आता नुस्ता अडकव.”

मी खांदे सैल सोडले. तीन जोड्या टिकल्या.

दुपारी काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) करताना प्रत्येक ठोशाआधी काकी आठवल्या. खांदे खालीच राहिले. मग तोंडी परीक्षा, पुन्हा तोच प्रश्न. ग्रीक ओठांवर आला होता, पण मी म्हणाले, “जे मेलंय त्याला मारत न बसणं.”

कोणत्या विचारवंताचं, असं परीक्षकांनी विचारलं. दांडीच्या हिराकाकींचं, मी म्हणाले. ग्रंथ कुठला?

“दोरीवर वाळतोय, सर.”

ते हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं, आणि संध्याकाळी पास झालेल्यांत माझं नाव वाचलं.

दुसऱ्या दिवशी एसटीच्या आधी प्रमाणपत्र दाखवायला दांडीला गेले. हात ओले म्हणून काकींनी त्याला बोट लावलं नाही. मला दोरीपाशी नेलं.

“तुजी एकच जोडी ऱ्हायली. बाकी पडल्या, कावळ्यांनी नेल्या.”

तुमच्या पडत नाहीत का, मी विचारलं.

“पडतात की. मी काय देव हाय?”

ती अर्धवट सुकलेली जोडी जर्मनाच्या टिपणांत गुंडाळून घेतली. वासामुळे कंडक्टरने मला मागच्या बाकावर पाठवलं. तीस वर्षं मी माझ्या कराटेच्या वर्गातल्या मुलींवर ‘जोर लावा’ असं ओरडत आलेय. सोमवारी काय ओरडायचं, ते जव्हार मागे पडलं तरी सुचलं नव्हतं.