मागच्या बाकावरची बावीस वर्षं

इस्पितळाच्या धुलाई विभागात तिला सगळे कडकमावशी म्हणत. स्वभावावरून नव्हे, कपड्यांना घालायच्या खळीवरून. तिनं इस्त्री केलेला कोट नुसता फरशीवर ठेवला तरी उभा राहील, असं परिचारिका म्हणायच्या.

चर्चमध्ये ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर नि द्राक्षारस घेतात, त्या प्रभुभोजनाच्या टेबलावरचं पांढरं कापडही बावीस वर्षं तीच धुवायची, तीच अंथरायची. पण ती बसायची अगदी मागच्या बाकावर, आणि भाकर वाटायची वेळ आली की चहाचे कप विसळायच्या निमित्तानं आतल्या खोलीत सटकायची. मावशीला कामाशिवाय चैन पडत नाही, असंच सगळ्यांना वाटे.

खरं कारण तिच्या थोरल्या बहिणीला तेवढं ठाऊक होतं. नोकरीसाठी घर सोडण्यावरून मावशीचं आईशी कडाक्याचं भांडण झालं होतं. पुढे आई अंथरुणाला खिळली, तीन दिवस हिच्या नावाचा धोशा लावून होती. निरोप मिळूनही ही हट्टाला पेटली, गेली नाही. चौथ्या दिवशी गेली, तेव्हा आई नव्हती. त्यानंतर तिनं मनाशी ठरवून टाकलं: आधी लायक व्हायचं, मग देवापुढे हात पसरायचा. कापडं झिजून तीन वेळा बदलली, पण लायकी काही येईना.

मग एका सकाळी ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. थोरली बहीण पिशवी घेऊन राहायलाच आली. वेणी घालायची, घास भरवायची, वर बोलायचीही.

"तोंड उघड. लहानपणी तरी निमूट खायचीस का?"

"ताई, तू माझं एवढं का करतेस? मी आईला..."

"अगं, तू माझी बहीण आहेस म्हणून करते. हिशेब लावायला बसले असते तर आलेच नसते. गिळ आता."

त्या रविवारी टेबलावर सुरकुतलेलं कापड पाहिलं आणि मावशीला रडूच कोसळलं. उपासनेनंतर चर्चचे पाळकसाहेब शेजारी येऊन बसले. तिनं बावीस वर्षांचं सगळं ओकून टाकलं. "आता तर कापडसुद्धा होत नाही माझ्यानं. देवाला द्यायला काहीच उरलं नाही."

"चला, एकदाच्या सुटलात!" पाळक म्हणाले.

तिनं डोळे पुसायचं थांबवून वर पाहिलं.

"मावशी, लायक माणसांसाठी हे टेबल मांडायचं असतं तर मीसुद्धा आतल्या खोलीत कप विसळत असतो. तुमचं पाप लहान आहे असं मी म्हणत नाही. पण ख्रिस्तानं ते वधस्तंभावर स्वतःवर घेतलं, पुरतं घेतलं. आता भरवसा कशावर ठेवायचा, त्याच्यावर की तुमच्या इस्त्रीवर?"

मावशीला रडता रडता हसू फुटलं. मग तिनं हळूच विचारलं, "आणि उद्या पुन्हा वाटलं, की देव मला घेणार नाही, तर?"

"वाटेल की. तेव्हा स्वतःकडे नका बघू, त्याच्याकडे बघा. तुमची पकड सुटेल एखादवेळेस. त्याची सुटत नाही."

घरी येऊन ती खिडकीपाशी बसली. मोठी प्रार्थना तिला कधी जमली नव्हतीच. "तू म्हणतोस ना, मग मी मानते," एवढंच ती म्हणाली. दिवा लागावा तसं काही झालं नाही. फक्त बहिणीनं दोनदा हाक मारल्यावर लक्षात आलं, की आपल्याला सडकून भूक लागली आहे.

पुढच्या प्रभुभोजनाला ती बहिणीचा दंड धरून पुढे गेली. डावा हात पुढे केला. सवय नसलेल्या हातातून भाकरीच्या तुकड्याचा चुरा बाहीवर सांडला. तिनं तोही टिपून खाल्ला.

शंका नंतरही आल्या. आईचा चेहरा आठवला की हातातलं काम थांबायचं. पण ती आता पळून जात नसे. "माहीत आहे मला, मी काय केलं ते," ती स्वतःला सांगायची, "आणि त्यालाही माहीत होतं, तरी त्यानं मला घेतलं." मनगट जुळल्यावर कापडाचं काम पुन्हा तिच्याकडे आलं. फरक इतकाच, की आता ती इस्त्री करताना गाणं म्हणे, तेही बेसूर. एखादी सुरकुती राहिली तरी झोप लागे.

ती सत्तर वर्षांची झाली, तेव्हा चर्चच्या मंडळीनं चहापानाच्या वेळी तिला आग्रहानं चार शब्द बोलायला उभं केलं. मावशीनं पदर सारखा केला, सगळ्यांकडे पाहिलं.

"मला घेतलं त्यानं. होते तशी घेतलं. उपकार मानावेत तेवढे थोडे."

एवढं बोलून ती बसली. मग पुन्हा उठली. "आणि चहा निवतोय."