चिमाबाईनं धरलेला डूख

रहाटणीच्या चिमाबाईला वाकळीवरची नक्षी कुणी शिकवली नव्हती. पवनेकाठचा गाळ उन्हात तडकला की ती उकिडवी बसून भेगा बघायची आणि घरी येऊन जुन्या लुगड्यांवर तशाच टाक्यांनी उतरवायची. गांधीलमाशीचं पोळं, बाजरीचं कणीस, तिच्या सुईतून काही सुटायचं नाही.

१९७३ साली तिची ती भेगांची वाकळ इंदुताई घेऊन गेल्या. चिमाबाईचा नवरा कोंडीराम ज्या कंपनीत होता, तिथल्या मॅनेजरची ही बायको. पांघरायला म्हणून नेली आणि चिंचवडला महिला मंडळाच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावावर मांडून पहिलं बक्षीस मिळवलं. चिमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गप ऱ्हा," कोंडीरामनं हात जोडले. "माझी नोकरी जाईल."

ती गप्प राहिली, पण डूख धरूनच.

वर्षभरानं इंदुताई पुन्हा दारात हजर. "चिमा, यंदा फुलाची नक्षी कर. एकदम वेगळी हं!"

"व्हय बाईसाहेब," चिमाबाई गोड हसली.

दुसऱ्या दिवसापासून ती गोठ्यातच मुक्काम ठोकून बसली. म्हशीनं शेण टाकलं की कडा कशा पसरतात, थरावर थर कसा बसतो, मधे शेंडा कसा वळतो, सगळं डोळ्यांत भरून घेतलं. मनात नुसता जाळ होता, पण खरं सांगायचं तर इतकं देखणं काम तिच्या हातून आधी झालं नव्हतं. वर काळ्या दोऱ्यानं माशाही काढल्या.

प्रदर्शनात वाकळ भिंतीवर लागली. "हे कमळ मला तळ्याकाठी सुचलं," इंदुताई पाहुण्यांना सांगत होत्या, "आणि हे भुंगे."

चिमाबाईनं गावातल्या बायका मुद्दाम सोबत आणल्या होत्या. गोवऱ्या थापण्यात जन्म गेलेल्या त्या. एकेकीचा पदर तोंडाशी जाऊ लागला.

"कमळ कशाचं?" सोजराबाई मोठ्यानं म्हणाली. "ह्यो तर म्हशीचा पो हाय! माशा बी बसल्यात."

हॉलभर हशा पिकला. पाहुण्यांनी पुन्हा निरखून पाहिलं. आता त्यांनाही दुसरं काही दिसेना.

"हे मी नाही केलं!" इंदुताई किंचाळल्या. "सगळं ही चिमाच शिवते! मागच्या वर्षीचीही हिचीच!"

चिमाबाई सावकाश पुढं आली. वाकळीला टाचलेली नावाची चिठ्ठी तिनं काढून इंदुताईंच्या हातात दिली.

"मग माझं नाव लिवा, बाईसाहेब. आन तुमचं खोडा."

सगळ्यांदेखत इंदुताईंनी ते खोडलं.