आपापल्या दारासमोरची भिंत

मार्थाबाई ओहोळ रोज सकाळी चहाच्या आधी चाळीमागच्या भिंतीला हात लावून यायच्या. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा, उलटा हात. मी लग्न होऊन घाटकोपरच्या त्या टेकडीवर राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे दिसलं. वाटलं, त्यांच्या धर्मातला काही नेम असेल. सासूबाईंना विचारलं तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "तिका भिंतीचो ताप कळता." एवढं बोलून त्या हसल्या नाहीत, आणि मला तेच खटकलं.

आमची चाळ म्हणजे टेकडीच्या कुशीत एका ओळीत बांधलेल्या खोल्या. मागचं दार उघडलं की दोन माणसं जेमतेम जातील एवढा बोळ, त्यानंतर पुरुषभर उंचीची दगडी भिंत, आणि भिंतीच्या वर सगळी टेकडी. दगड एकावर एक रचलेले, सिमेंट नावालाच. टेकडीच्या पलीकडे, पवईच्या अंगाला, दगडाच्या खाणी होत्या. दुपारी तिकडे सुरुंग उडायचे आणि आमच्या फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. नव्या सुनेला दचकायला व्हायचं. बाकीच्यांना सवय झाली होती.

मार्थाबाई मूळच्या नगरकडच्या. तिथल्या एका मुलींच्या बोर्डिंगात त्यांनी आयुष्यभर मेट्रन म्हणून काम केलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर भाच्याकडे मुंबईला आल्या, पुढे भाचा आखातात गेला आणि खोली बाईंकडे राहिली. उंच, हडकुळ्या, बारीक काठाचं पांढरं पातळ, केसांचा सुपारीएवढा अंबाडा. चाळीतल्या सगळ्या बायका त्यांना बोर्डिंगातल्या मुलीच वाटायच्या. माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी माहेरच्या आठवणीने मी मागच्या दाराशी रडत बसले होते, तर शेजारी येऊन बसल्या. माझे हुंदके थांबले तेव्हा म्हणाल्या, "झालं रडून? आता पदर खोच आणि बघ कुठे काय फुटलंय ते. रडण्याला माझी ना नाही, पण रडणं हे काम नव्हे, लेकी. ती कामाच्या आधीची प्रार्थना."

त्यांची ती बायबलातली भिंतीची गोष्ट मी पहिल्यांदा तेव्हाच ऐकली. नहेम्या नावाचा माणूस. परक्या राजाच्या दरबारात प्याला भरणारा. त्याला कळतं, की आपल्या वाडवडिलांच्या कबरी जिथे आहेत त्या नगराचा कोट पडलाय, वेशी जळाल्यात. तो रडतो, उपास करतो, मग राजाची परवानगी काढून तिथे जातो. पोचल्यावर भाषण करत नाही. आधी गुपचूप पडक्या कोटाला फेरी मारून येतो, कुठे किती ढासळलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग तो प्रत्येकाला सांगतो, तू तुझ्या घरासमोरचा तुकडा बांध. कोणी सोनार होते, कोणी अत्तरं करणारे, एकाच्या तर मुलीसुद्धा दगड उचलायला आल्या. गवंडी किती होते देव जाणे. पण स्वतःच्या दारासमोरची भिंत माणूस वाईट बांधत नाही. बांधील का?"

त्या उन्हाळ्यात भिंतीला फुगवटा आला. आधी कोणाच्या लक्षात येत नव्हतं. बाईंनीच एका दुपारी आम्हाला बोळात उभं करून दाखवला. "भिंत पोटुशी आहे," त्या म्हणाल्या. "दिवस भरले की ती कोणासाठी थांबायची नाही." एक-दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. संध्याकाळी मात्र प्रत्येकीने आपल्या नवऱ्याला मागे नेऊन ते दाखवलं.

चाळ दळवींची. दळवींना सगळे भाऊ म्हणायचे. पांढरी सफारी, गळ्यात चेन, बोलणं अगदी गोड. ओळीच्या टोकाला टेकडीचा पायथा खणून त्यांनी एक जादा खोली काढली होती, आणि तिच्या जोत्यासाठी भिंतीचे तिथले दगड वापरले होते. म्हणजे त्या खोलीमागे भिंतच नव्हती, नुसती कापलेली लाल माती. तिथे परब राहायचे. परब गिरणीत होता. संप मोडला तशी नोकरी गेली, आणि तो गावाला जाऊन-येऊन जमेल ते करायचा. इथे त्याची बायको सुशीला, दोन पोरं, आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई.

बाईंनी नहेम्याचाच मार्ग धरला. ज्याच्या मागच्या दारासमोर जो तुकडा, तो त्याने उतरवायचा आणि नीट रचायचा. खाणीवर काम केलेला एक म्हातारा वडार खाली वस्तीत राहायचा, तो येऊन दगड कसे बसवायचे ते दाखवून गेला. रविवारी पुरुष, इतर दिवशी दुपारी आम्ही बायका. पाणी निघून जायला मधेमधे भोकं ठेवली. माझ्या सासूबाई कोकणातल्या, नुसत्या दगडांचे गडगे रचून कुंपण घालणाऱ्या घरात वाढलेल्या. त्यांचा तुकडा सगळ्यांत आधी उभा राहिला.

पहिल्यांदा भाऊ नुसते बघून गेले. दुसऱ्या वेळी सोबत चार माणसं होती. त्यातला एक मोठ्याने म्हणाला, "काय भाऊ, बायका चूल मांडतायत का भिंत? मांजर चढलं तरी आडवी होईल." सगळे हसले. बाईंनी मान वर केली नाही. ते गेल्यावर आम्हाला म्हणाल्या, "नहेम्यालाही हेच म्हणाले होते. तिथे मांजराच्या जागी कोल्हा होता, एवढंच." मग त्या उठल्या आणि टोकाच्या खोलीमागे, लाल मातीसमोर, दगडांची पहिली ओळ मांडायला लागल्या. सुशीला दारात उभी राहून हळूच म्हणाली, "बाई, भाऊंनी सांगितलंय, इथे हात लावायचा नाही. त्यांना अजून एक खोली काढायचीय मागे."

दुसऱ्या दिवशी ती ओळ उधळलेली होती. बाईंनी पुन्हा मांडली.

मग भाऊंचे निरोप यायला लागले. ऑफिसात या, चहा घेऊ, बसून बोलू. निरोप्या बोळाच्या तोंडाशी उभा राहून सांगायचा. बाई म्हणायच्या, "हातातलं काम टाकून खाली कशाला येऊ? भाऊंनाच वर पाठव. चहा मी करते." पुन्हा तो आला, पुन्हा हेच उत्तर. शेवटच्या वेळी त्याने आवाज खाली आणला. "बाई, एकट्या राहता तुम्ही. समजून घ्या ना."

"एकटी कुठे?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज साधाच होता, पण हातातला दगड त्यांनी खाली ठेवला नाही.

त्यानंतर चाळीत एक बोलणं पसरलं. ही बाई भिंतीच्या नावाखाली बायकांना गोळा करते, पुस्तकातल्या गोष्टी सांगते, उद्या सगळ्यांना बाटवेल. कुठून निघालं ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ते घराघरांत शिरलं. दोन घरांतल्या बायका यायच्या बंद झाल्या. नळावर बाई आल्या की बोलणं थांबायचं. एकदा त्यांच्या दारावर कोणीतरी शेण मारलं. मी धुवायला गेले तर त्यांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. म्हणाल्या, "नहेम्यावर आळ घेतला होता, की याला राजा व्हायचंय म्हणून कोट बांधतोय. उत्तर काय दिलं त्याने? की हे तुमच्या मनातलं आहे. आणि देवाकडे एवढंच मागितलं, की माझे हात बळकट कर. तेवढंच मागायचं, लेकी. शत्रूचे हात मोडू देत, असं नाही मागायचं."

त्या दिवशी आमच्या घरी माझे दीर सासूबाईंना म्हणाले, "आई, वहिनीला तिकडे पाठवू नकोस. लोक बोलतात."

सासूबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "दगडाक खंयचो धर्म रे? तुझ्या डोक्यावर पडात तेव्हा इचारतलंस काय तेका, तू खंयच्या देवळातलो म्हणून?"

त्यानंतर त्याच मला घेऊन बोळात जाऊ लागल्या.

पाऊस सुरू होईपर्यंत ओळीतल्या सगळ्या खोल्यांमागची भिंत उभी राहिली. टोकाची तेवढी बाकी होती. बाई तिथे ओळ मांडायच्या, ती उधळली जायची. त्या सुशीलाला म्हणाल्या, "आईंना घेऊन माझ्या खोलीत ये राहायला." सुशीला म्हणाली, "खोली सोडली तर भाऊ कुलूप लावतील. हे गावाहून आले की बघू." मला आठवतं, बाई त्या लाल मातीकडे बघत कितीतरी वेळ उभ्या होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कोट एका जागी उघडा राहिला, की तो सगळ्यांचाच उघडा असतो." मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या म्हाताऱ्या वाटल्या.

श्रावणात पावसाने झड धरली. शाळांना सुट्टी दिली होती, पुरुष कामाला गेले होते. दुपारची जेवणं झाली आणि बाई प्रत्येक खोलीचं मागचं दार वाजवत आल्या. डोक्यावर गोणपाट, पातळ गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"उठा. पोरं घ्या, दुसरं काही घेऊ नका. खाली मारुतीच्या देवळात चला."

"काय झालं?" मी विचारलं.

"भोकांतून पाणी यायचं थांबलंय."

मला कळलं नाही. पाणी थांबलं म्हणजे बरंच झालं, असं वाटलं. त्यांनी माझा दंड धरला. "पाऊस एवढा कोसळतोय आणि भिंतीतून थेंब नाही. मग ते पाणी आहे कुठे? आत साठतंय, लेकी. चल."

कोणी वाद घातला नाही. ज्या दोन घरांनी बाईंशी बोलणं सोडलं होतं, तीही निघाली. आम्ही पायऱ्या उतरायला लागलो तेवढ्यात सुशीला दोन्ही पोरांना घेऊन बोळातून आली. "आईंना उचलता येत नाहीये मला," ती म्हणाली. ती परत वळली, तर बाईंनी तिला अडवलं.

"तू पोरांना सोडू नकोस. मी आणते त्यांना. बोर्डिंगात तापाच्या मुली उचलायचे मी."

मी म्हटलं, "मी येते बरोबर." सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. गोणपाट सावरत त्या बोळाच्या टोकाकडे गेल्या.

आम्ही देवळाच्या ओट्यावर पोचलो होतो. आवाज फार मोठा झाला नाही. वर कोणीतरी तांदळाचं पोतं उपडं केल्यासारखा, पण न थांबणारा. मग टोकाच्या खोलीचे पत्रे वाकले आणि दिसेनासे झाले. तिथून उताराला लागलेला लाल चिखल पायऱ्यांवरून आमच्या दिशेने येत राहिला, हळू, आणि देवळाच्या बराच वर थांबला. सुशीलाने दोन्ही पोरांची तोंडं आपल्या पोटात दाबून धरली.

संध्याकाळी दोघी सापडल्या. म्हातारी बाईंच्या पाठीवर होती, त्या दारापर्यंत आल्या होत्या.

भिंतीचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. आमच्या खोल्यांमागची भिंत टिकली. एका जागी थोडी खचली, पण उभी राहिली, आणि त्या खोल्यांतलं एकही माणूस गेलं नाही. पोलीस आले, पंचनामा झाला. भाऊ काही दिवस दिसले नाहीत, पुढे दिसायला लागले. गणपतीत त्यांच्या नावाची कमानही लागली. परब गावाहून आला आणि पाऊस उघडल्यावर त्याने तो टोकाचा तुकडा बांधला. भाऊंची माणसं येऊन बघून गेली, पण तेव्हा बोळात चाळीतले सगळे पुरुष दगड घेऊन उभे होते.

बाईंना मात्र दुसऱ्याच दिवशी दफन केलं. त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब, थोडे चर्चचे लोक आणि आमची अख्खी चाळ. पाऊस थांबून थांबून पडत होता. आमच्यातल्या बहुतेकींनी ख्रिस्ती दफनविधी कधी पाहिला नव्हता. प्रार्थना झाली, पेटी खाली सोडली, आणि पाळकसाहेब म्हणाले की आता प्रत्येकाने मूठभर माती टाकावी.

कडेला मातीचा ढीग होता. ओला, लाल. त्यांच्या चर्चचे लोक पुढे झाले. आमच्यातलं कोणी हलेना. आदल्या दुपारी जे टेकडीवरून उतरताना पाहिलं होतं, तेच आता आपल्या हाताने बाईंवर टाकायचं, हे कोणाच्याने होईना. सुशीला मान खाली घालून उभी होती. पाळकसाहेब थांबून राहिले.

मग माझ्या सासूबाई पुढे झाल्या. ढिगाजवळ खाली बसल्या आणि ओल्या मातीतून एकेक खडा वेचून बाजूला टाकू लागल्या. ढेकूळ आलं की बोटांनी फोडायच्या, पिठाला करतात तशी माती तळहातावर मोकळी करायच्या. मी वाकून त्यांना उठवायला गेले.

"थांब गो," त्या म्हणाल्या. "तिका खडो लागाक नको."

मी त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने सुशीला बसली, मग बाकीच्या.

खडे निघाले तशी आम्ही माती टाकली.