माइकवर माझा नंबर

आम्ही सानपाड्यात राहायचो. अकरावीला मी चर्चच्या कॉलेजात गेले आणि एक दिवस सकाळची प्रार्थना सांगायला माझा नंबर लागला. मी हवेतच! एकाने माइकवर एकेक ओळ म्हणायची आणि अख्ख्या हॉलने डोळे मिटून ती परत म्हणायची, अशी तिथली पद्धत.

सगळी इंग्रजी प्रार्थना मी न अडखळता म्हटली. त्या आनंदात शेवटी ‘आमेन’ऐवजी, घरच्या बुद्धवंदनेच्या सवयीने, ठणकावून म्हणाले, “साधु, साधु, साधु!”

मेले आता! पण अख्खा हॉल गरजला, “साधु, साधु, साधु!”

घरी येऊन सांगितलं तर आई घाबरलीच. “आणि तुमच्या प्रिन्सिपल सिस्टर गं?”

“अगं, त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा होता!”