मागच्या खुर्चीवरचे वकीलसाहेब

अख्ख्या इंग्लंडमध्ये तोंडातून एक शब्द न काढता सर्वांत जास्त भांडलेला माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून हाउन्सलोच्या आमच्या वकीलसाहेबांकडे बोट दाखवीन. साहेबांची उमेदीची वर्षं सिंगापुरात गेली. त्या एवढ्याशा देशात वकिलांचा प्रकार एकच. अशिलाचं रडगाणं ऐकणारा तोच, कागद तयार करणारा तोच आणि कोर्टात उभा राहून गरजणाराही तोच. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास त्यांच्या डॉक्टर पत्नीला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, साहेब मागोमाग आले आणि पुन्हा परीक्षा देऊन सॉलिसिटर झाले. आता इथला रिवाज असा, की हायकोर्टात बोलायचं ते बॅरिस्टरने. सॉलिसिटरने त्याच्या पाठीमागे गुपचूप बसायचं आणि काही सुचलंच तर चिठ्ठी पुढे सरकवायची. "सिंगापुरात मी एकटाच दोघं होतो," साहेब म्हणत, "इथे येऊन अर्धा उरलो."

पण या अर्ध्या माणसाने चिठ्ठीचं असं काही शास्त्र बनवलं की विचारू नका. कोटाच्या खिशात पिवळ्या कागदाचे तुकडे कायम तयार. मी इथल्या आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. गणपतीत भाषणाला उभा राहिलो की साहेब बरोब्बर माझ्या मागच्या खुर्चीवर, आणि दर दोन मिनिटांनी माझ्या पाठीला टोचणी. 'कौन्सिलचे आभार राहिले.' 'विनोद पुरे.' 'पाणी प्या. सावकाश.' घरी जेवायला आले की माझ्या बायकोच्या हातात अदबीने चिठ्ठी पडे: 'वहिनी, आमटीत मीठ?' एकदा बसमध्ये तपासनीस आणि एक सरदारजी यांची जुंपली. साहेबांनी मागच्या सीटवरून सरदारजींना चिठ्ठी दिली: 'आधी तिकीट दाखवा, मग चिडा.' सरदारजींनी तिकीट दाखवलं, भांडण जिंकलं आणि मग साहेबांवर चिडले.

वडील गेल्यावर पाहुणी म्हणून माझ्याकडे आलेल्या आईला मी कायमचं इथेच ठेवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा होम ऑफिसने, म्हणजे इथल्या गृहखात्याने, साफ नकार दिला. अपील हरलो असतो तर सत्तरीच्या आईला एकटीला परत पाठवावं लागलं असतं. माझी झोप उडाली होती. साहेबांनी केस घेतली. इमिग्रेशनच्या अपिलात सॉलिसिटरला स्वतः बोलता येतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. सुनावणीला गेलो आणि पाहतो तो काय, साहेब सवयीने दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसलेले, आणि पुढची खुर्ची रिकामी! होम ऑफिसचा माणूस सांगत होता की साताऱ्याला पुतण्या आहे, तो बाईंना सांभाळील. साहेबांचं पेन सरसर चाललं. त्यांनी चिठ्ठी पुढे धरली. हात तसाच हवेत राहिला.

"तुमचे बॅरिस्टर यायचेत का?" निवाडा करणाऱ्या गोऱ्या गृहस्थांनी विचारलं.

साहेबांचे कान लाल झाले. मग ते उठले, पुढच्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले, स्वतःचीच चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली आणि गंभीरपणे म्हणाले, "सर, मला आत्ताच अशी सूचना मिळाली आहे, की पान अकरावर त्या पुतण्याचं पत्र आहे. तो स्वतःच पुढच्या महिन्यात दुबईला चाललाय."

आणि मग साहेब सुटले. वीस मिनिटं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. आईला इंग्रजीचा गंध नव्हता, पण ती माझ्या कानाशी लागली, "अरे, ह्यांना एवढं बोलता येतं? मग चिठ्ठ्या कशाला लिहितात?"

तीन आठवड्यांनी निकालाचं पत्र आलं. आई राहिली. अकरा वर्षं राहिली, नातवंडांना चकल्या खिलवत आणि साहेबांना डबे पाठवत.

मागच्या हिवाळ्यात साहेब गेले. मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा होती आणि पहिलं भाषण माझं. दोन वाक्यं बोललो आणि पुढचं काही सुचेना. तेव्हा माझा हात आपोआप पाठीमागे गेला आणि उघडा तळवा तसाच हवेत राहिला. मागच्या खुर्चीवर कुणी नव्हतं.

मी पाणी प्यायलो. मग सावकाश पुढे बोललो.