तिजेचं एक रोप

सोमवारी मी गव्हाचं एक रोप उपटलं आणि मंगळवारी शाळेत एकही मुलगी आली नाही.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. कुंभार पिंपळगावच्या पुढे, बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर मी वस्तीशाळेत शिकवत होते. वस्तीशाळा म्हणजे गावची शाळा लांब पडते तिथे सरकारने उघडलेली छोटी शाळा. शिक्षक एकच. पटावर सात मुलगे, अकरा मुली. शुक्रवारी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळा तपासणारे साहेब, येणार होते. त्यांनी आधीच बजावलं होतं, "बाई, हजेरी अशीच राहिली तर शाळा बंद करायचा रिपोर्ट द्यावा लागेल."

श्रावण होता. श्रावणात तांड्यावरच्या लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात. ती तीज. नऊ दिवस विहिरीचं पाणी आणून, गाणी म्हणत ती वाढवायची. टोपल्या असतात नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात. मी ते पाहिलं आणि मला राहवेना. आमच्या घरी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मुलांना त्यांच्या भाषेतून, त्यांच्या जगण्यातून शिकवा, हे मी अक्षरं लावायला लागले तेव्हापासून वाचत आले होते. इथे तर विज्ञानाचा धडा आपसूक उगवला होता! मी एक रोप ओढून काढलं, वर्गात नेलं, मुळं दाखवली. मुली अगदी गप्प होत्या. मला वाटलं, लक्ष देऊन ऐकताहेत.

मंगळवारी मी नायकाच्या अंगणात उभी होते.

"बाई, तीज आधी कोण तोडतंय?" नायकाने विचारलं.

"मला माहीत नव्हतं."

"नवव्या दिवशी नायक तोडतो. मंग बाकीचे. तुम्ही चौथ्याच दिवशी तोडली. कुणाला विचारलं?"

"कुणालाच नाही."

मग मी बोलत सुटले. तुमची संस्कृती शाळेत आलीच पाहिजे, पुस्तकात तुमचा एक शब्द नाही, हा अन्याय आहे, वगैरे. नायकाची बायको ज्वारी पाखडत ऐकत होती.

"आमची तीज आमालाच समजावून राह्यल्या," ती नवऱ्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "लगीन झालंय का तुमचं?"

"नाही."

"मंग काय अवघड न्हाई. उद्यापासून घागर उचला. तीज संपेस्तोवर तुम्ही पोरींतल्याच. पोरी शिकवतील तुम्हाला."

बुधवारी घागर डोक्यावर घेऊन मी चालले. लीला नावाची चौथीतली मुलगी माझी गुरू. वर्गात तिला सातचा पाढा कधी यायचा नाही.

"धबाधबा ओतू नका, बाई. हातावरून सोडा. पुन्हा करा."

मी पुन्हा केलं. मुली हसून हसून वाकल्या. पाणी घालून झाल्यावर मी विचारलं, फळा इथे आणू का? या वेळी विचारलं. नायकाने मान डोलावली. मुलगेही अंगणातच येऊन बसले. मग मुली गाणं सांगायच्या आणि मी लिहायची. 'आई' हा शब्द त्या रडतखडत वाचायच्या. त्यांच्या बोलीतल्या 'याडी'चा अर्थही आईच, पण तो फळ्यावर उमटताच अकरा जणी एका दमात ओरडल्या.

शुक्रवारी साहेबांना शाळेला कुलूप दिसलं. विचारत विचारत ते अंगणात पोचले. मी हजेरी घेतली. अठरापैकी अठरा. लीलाने गाणं न अडखळता वाचलं.

"हे कोणत्या पुस्तकातलं?"

"कोणत्याच नाही, सर. म्हणून तर फळ्यावर आहे."

साहेब टोपल्यांकडे वाकले, तशी नायकाची बायको म्हणाली, "साहेब, लगीन झालंय ना तुमचं? मंग लांबूनच बघा. चहा घ्या."

त्यांनी चहा घेतला आणि शेरा लिहिला : पट पूर्ण हजर, वर्ग नायकाच्या अंगणात भरतो. शाळा टिकली.

शनिवारी नायकाने पहिली तीज तोडली. लीलाने एक रोप माझ्या हातात ठेवलं.

"आता बघा मुळं," ती म्हणाली.

त्यानंतर कुठल्याही वस्तीवर धडा घ्यायच्या आधी मी विचारते. आणि मुळं दाखवायची असली तर मटकी भिजवते, माझ्या घरच्या वाटीत.