समुद्रावर जीप

माझं माहेर कोकणात, अगदी किनाऱ्यावरचं, आणि सासर अमरावतीत. लग्नाला वऱ्हाडची ही मंडळी आमच्या गावी आली तेव्हा समुद्र मांडवापासून हाकेच्या अंतरावर होता. बुटात वाळू जाईल म्हणून त्यांतला एकही माणूस तिकडे फिरकला नाही. घाम फार येतो आणि भाजीत नारळ कशाला घालतात, एवढं बोलून सगळे परत गाडीत बसले. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी माझ्या नवऱ्याला त्याच समुद्राचं वेड लागलं. तेही पायी जायचं नव्हतं. त्याला वाळूवर जीप चालवायची होती.

नवऱ्याचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. ज्या वर्षी बोंडअळीनं आमच्या भागातला कापूस पोखरला, त्या वर्षी त्याच्या काउंटरवरची गर्दी हटत नव्हती. बोंडअळी काही मेली नाही, पण दिवाळीला आमच्या दारात चारही चाकांना जोर देणारी नवी जीप उभी राहिली. ते दिवस असे होते की वऱ्हाडचं नाव रोज पेपरात यायचं, आणि मुंबई-दिल्लीहून समित्या येऊन गावोगाव फिरून जायच्या. आमच्या जेवणाच्या टेबलावर मात्र कोकणचा नकाशा पसरलेला असायचा.

टेबलाभोवती तिघं. एक नवरा. दुसरा त्याचा शाळेपासूनचा मित्र, हाडांचा डॉक्टर. त्यानं दोर, फावडं, तंबू आणि होकायंत्र विकत घेतलं होतं. अमरावतीच्या बाहेर त्याची गाडी कायम ड्रायव्हर चालवायचा, त्यामुळे रस्ता चुकायची पाळीसुद्धा त्याच्यावर कधी आली नव्हती. तिसरा अकोल्याचा टायरचा व्यापारी. घराणं जुनं, माणूस बोलायला गोड, उर्दूत सुरू केलेलं वाक्य मराठीत संपवायचा. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा किती कमी करायची, हे तो दर रविवारी नव्यानं समजावून सांगायचा. बाकी दोघांना नवे रुंद टायर त्यानंच विकले होते.

मी उडदाचे गिलावडे तळून दह्याबरोबर आणायची आणि ऐकायची. पुढची गाडी कुणाची, यावर भांडण झालं. गाड्यांवर चिकटवायच्या नावावर तर लागोपाठ दोन रविवार गेले. शेवटी ‘वऱ्हाडचे वाघ’ ठरलं, आणि वाघ डावीकडे बघणारा की उजवीकडे, यावर आणखी एक रविवार गेला. अकोल्याकडे पूर्णेच्या पात्रात त्यांनी सरावही केला. वाळू उपसून तिथं खड्डे झालेले. डॉक्टरची गाडी पोटापर्यंत रुतली आणि वाळू वाहणाऱ्या ट्रॅक्टरनं ती ओढून काढली. घरी आल्यावर तिघंही सराव उत्तम झाला म्हणाले.

आता मी सांगितलं पाहिजे की आमच्या गावच्या किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी आहे. तिथं समुद्रातली कासवं येऊन वाळूत अंडी घालतात. वनखातं आणि गावची समिती मिळून त्यांची राखण करतात, आणि किनाऱ्यावर उतरायच्या वाटेला साखळी लावलेली असते. माझा धाकटा भाऊ त्या समितीत आहे. हे सगळं मी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं. अंडी वाळूखाली असतात, वरून कळत नाहीत. पिल्लं बाहेर पडली तरी चाकांनी पडलेल्या चरातून त्यांना वर चढता येत नाही, ती तिथंच उन्हात मरतात. हेही सांगितलं.

“मग अंडी नसतील त्या महिन्यात जाऊ, वहिनी,” डॉक्टर म्हणाला.

बंदी बारा महिने आहे, मी म्हटलं. त्यावर त्यानं गिलावडा दह्यात बुडवला आणि नियम गर्दीसाठी असतात, असं मला समजावलं. आपण चारचौघं सुशिक्षित माणसं आहोत, म्हणाला. एखाद्या पेशंटला दुखणार नाही म्हणून सांगावं, तसा सूर होता त्याचा.

त्यानंतर मी त्या विषयावर बोलणं सोडलं. मला वाटलं, हे काही निघायचे नाहीत, टेबलावरच म्हातारे होतील. मग फेब्रुवारीत भावाचा फोन आला. तो आधी बराच वेळ आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिला. मग म्हणाला, “ताई, भावोजींनी समितीला जाळी देऊ केलीय. अंड्यांभोवती लावायची. त्या बदल्यात एक सकाळ साखळी सोड म्हणाले. तुला माहीत आहे ना?”

मला माहीत नव्हतं. अंडी वाचवायची जाळी द्यायची आणि अंड्यांवरून जीप न्यायची, हा हिशेब ज्या डोक्यातून निघाला त्याच्या शेजारी मी इतकी वर्षं झोपत होते. दुपारी नवरा जेवायला आला तेव्हा मी त्याला विचारलं. त्याला लाज वाटली असती तर मी गप्प बसले असते. तो चिडला.

“काहून बोलून राहिली असं? आमी काय अंडे फोडाले चाललो काय? गाडी वाळूवर न्याची नाही, तं एवढ्या दूर जाचं कशाले?”

मी म्हटलं, “पाय आहेत न तुमाले.” इतक्या वर्षांत त्याची बोली मलाही येत होती.

त्यानं ताट सरकवलं आणि दुकानात निघून गेला. मी सोबत जाणार नाही हे ठरलेलंच होतं, मला कुणी विचारलंही नव्हतं. मार्चमध्ये, दुकानात गिऱ्हाईक नसतं त्या दिवसांत, तीन जीप वाघ लावून निघाल्या.

त्यांच्यावर काय गुदरलं हे मला आधी फोनवर कळलं आणि मग भावाकडून. ते सकाळी साखळीपाशी पोचले. भाऊ तिथं उभा होता, सोबत समितीचे दोघं. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, चहा घ्या म्हणाला, पण साखळी काढली नाही. डॉक्टरनं वरच्या ओळखी सांगून पाहिल्या. मग नवऱ्यानं मला फोन लावला.

“तुह्या भावाले सांग न. लोकायसमोर इज्जत जाऊन राहिली.”

मी त्याला फोन भावाकडे द्यायला सांगितलं. भावानं फोन कानाला लावला. त्याला वाटलं असावं, ताई आता गळ घालणार.

“जेवू घाल त्यांना,” मी म्हटलं, “आणि परत पाठव.”

आईनं गुडघे धरत सगळ्यांना जेवू घातलं. त्यानंतर टायरवाला बूट काढून पायी वाळूत उतरला. त्याच्याबद्दल माझं मत तेवढ्यापुरतं बरं झालं. बराच वेळ तो लाटांपाशी एकटाच उभा होता म्हणे. डॉक्टर एसी लावून गाडीत बसून राहिला. आणि माझा नवरा साखळीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यावर, जीपच्या बॉनेटला टेकून फोटो काढून घेत होता. भाऊ सांगत होता, फोटो काढणाऱ्याला त्यानं तीन-तीनदा बजावलं की साखळी येऊ देऊ नको.

तो फोटो मोठा करून दुकानात काउंटरच्या मागे लागला. त्यात जीप आहे, वाघ आहे, आणि मागे नुसता समुद्र. येणाऱ्याजाणाऱ्याला नवरा सांगू लागला की गाडी कशी लाटांत घातली, हवा कशी कमी केली, मागचं चाक कसं रुतलं. पूर्णेतला ट्रॅक्टरसुद्धा त्या गोष्टीत कोकणात गेला. मी दुपारी हिशेबाला दुकानात बसत असे. तो माझ्यासमोर सांगायचा आणि एकदाही माझ्याकडे बघायचा नाही. मी कधी दुरुस्ती केली नाही. ज्याची कीव करावी एवढासुद्धा तो माणूस मला तेव्हा वाटत नव्हता.

पेरणीच्या आधी तेल्हाऱ्याकडचे एक गृहस्थ आले होते. आमच्याकडे पहिल्यांदाच आलेले, धोतर-टोपीतले. त्यांची नजर फोटोवर गेली आणि नवऱ्यानं सुरुवात केली. हवा, लाटा, चाक, सगळं झालं. त्यांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

“बरं,” ते म्हणाले. “आता तुरीचं बियाणं दाखवा.”

नवरा तसाच उभा राहिला, म्हणून मीच उठून पिशव्या काढून दिल्या.